वसईचा किल्ला फिल्मवर: स्टँड घरी ठेवा, स्कॅनवर विसंबू नका

आधी मुद्द्याचं, मग बाकीचं. वसईच्या किल्ल्यात ट्रायपॉड नेऊ नका. जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि स्टँड लावायला पूर्वपरवानगी लागते. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. उलट ज्याने त्याने एकच मंत्र दिला होता: पडकी वास्तू म्हणजे अंधार, अंधार म्हणजे ट्रायपॉड आणि जास्त स्पीडची, म्हणजे कमी उजेडात चालणारी फिल्म. अडीच किलोचा स्टँड चर्चगेटहून लोकलमध्ये उभ्याने नेला, पाय उघडले, आणि पहारेकरी हजर.

"मॅडम, परमिशन दाखवा."
"कसली?"
"शूटिंगची."
"शूटिंग कुठलं, मी एकटीच आहे."
"स्टँड आहे ना?"

संपलं. रविवारी तिथे लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांची रांग असते, गाऊनची शेपटी धरायला वेगळा माणूस असतो, त्यामुळे पहारेकऱ्याचंही चुकत नाही. त्याला स्टँड दिसला की धंदा दिसतो. हातात नुसता जुना कॅमेरा असेल तर कुणी विचारत नाही.

दुसरी थाप अंधाराची. वसईतली बहुतेक चर्चेस बिनछपराची आहेत. पोर्तुगीजांनी १५३४ पासून दोनशे वर्षं इथे अख्खं शहर वसवलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते घेतलं, आणि पुढच्या काळात छपरं गेली, भिंती राहिल्या. म्हणजे तुम्ही ज्याला 'आत' म्हणता तिथे डोक्यावर आभाळ असतं. समोर काळपट, शेवाळलेली भिंत आणि तिच्या खिडकीतून, कमानीतून, वरून पांढरंफेक आकाश. हा अंधाराचा प्रश्नच नाही, फरकाचा आहे. आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर नेमका इथे गंडवतो. माझा कॅमेरा, पेंटॅक्स के१०००, मुंबईतल्या बोरा बाजारातून घेतलेला. त्याचा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत आकाशाचा तुकडा आला की सुई म्हणते भरपूर उजेड आहे, तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, लहान करता आणि भिंत शाईत बुडते.

हे मला जागेवर कळलं नाही आणि घरी आल्यावरही कळलं नाही, त्याला कारण लॅब. नाव घेत नाही. 'हाय रेझोल्यूशन' म्हणून दुप्पट पैसे घेतले आणि मशीनने आपोआप उजळवलेल्या फाइली पाठवल्या. सगळे फोटो एकाच मापाचे करडे. एक रोल हजार-बाराशेच्या घरात, त्यावर धुलाई, त्यावर हे स्कॅन. त्या फाइली मित्रमंडळींना पाठवल्या, तर अभिप्राय काय? 'मूड छान', 'ग्रेन मस्त, जुन्या काळासारखा'. तो ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, जुन्या काळाचा नव्हता हो, कमी एक्स्पोजरचा होता, फिल्मला उजेडच कमी मिळाला होता. निगेटिव्हवर सावलीत काही नोंदलंच गेलं नव्हतं आणि मशीनने ती रिकामी जागा ओढून ताणून वर काढली होती. अशा स्कॅनवर कितीही जाणकाराने मत दिलं तरी ते मशीनवरचं मत, तुमच्या फोटोवरचं नाही.

अक्कल आली ती गिरगावातल्या एका काकांमुळे. वर्तमानपत्रात आयुष्य गेलेलं, घरी न्हाणीघरात डार्करूम. त्यांनी फोन हातात घेतलाच नाही. "स्कॅन नको, पट्टी दे." निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली आणि आधी चित्राकडे न बघता कडेकडे बघितलं. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि चौकटीचे आकडे असतात, ते कारखान्यातच उमटवलेले असतात. ते गडद, स्वच्छ असतील तर धुलाई नीट झाली. आकडे गडद आणि चित्र मात्र पारदर्शक काचेसारखं, तर दोष एक्स्पोजरचा. आकडेच फिकट असतील तर लॅबशी भांडा. इतकं साधं, आणि हे मला कुणी सांगू नये?

मग म्हणाले, "ही सगळी आकाशाची पोर्ट्रेटं आहेत. चर्च कुठाय?"

पुढच्या खेपेला त्यांनी दिलेला उपाय सोपा होता. भिंतीजवळ जायचं, कॅमेरा खाली झुकवून चौकट फक्त सावलीतल्या भिंतीने भरायची आणि सुई मध्यावर आणायची. समजा १/६० सेकंदाला एफ ४ आलं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). ते तसंच वापरलं तर काळी भिंत मध्यम करडी होईल, म्हणून दोन स्टॉप बंद करायचे, दर स्टॉपला उजेड निम्मा: एफ ८. आता मागे येऊन फोटो घ्यायचा आणि सुई काय म्हणते तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. ती ओरडणारच. आकाश जळेल अशी भीती वाटते, पण इल्फर्ड एचपी५ सारखी कृष्णधवल फिल्म वरच्या बाजूला बरंच सहन करते. रंगीत निगेटिव्हही. सावलीत मात्र जे नोंदलं नाही ते नाहीच.

म्हणूनच '१६०० ला पुश कर (४०० ची फिल्म १६०० ची समजून वापर आणि जास्त वेळ धुऊन घे), पडक्या वास्तूत भारी दिसतं' हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि सोडून द्या. पुश केल्याने उजळ भाग आणखी दाट होतात, कॉन्ट्रास्ट वाढतो. सावलीतला तपशील जन्माला येत नाही. जिथे आधीच फरक जास्त आहे तिथे आणखी कॉन्ट्रास्ट कशाला? शिवाय पुशचे पैसे वेगळे.

खरा अंधार किल्ल्यात मोजक्या ठिकाणी आहे: दरवाजांमधल्या वळणाच्या वाटा, आणि सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा जिना. हा जिना म्हणजे माझं या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वाईट अर्धा तास. गोल, अरुंद, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, त्यावर कबुतरांची घाण. वरून शाळेची सहल उतरत होती. मी भिंतीला पाठ लावून, कॅमेरा पोटाशी धरून उभी, आणि प्रत्येक पोरगं 'काकू, एक फोटो' म्हणत अंगावरून जाणार. बॅगची पट्टी दगडाला घासून तुटली. वर जाऊन काय मिळालं? दृश्य सुंदर आहे, समुद्र, झाडी, सगळं. फोटोग्राफीसाठी शून्य. वरून सपाट हिरवं दिसतं, ५० मिलिमीटर लेन्समध्ये काही मावत नाही. जाऊ नका. जायचंच असेल आणि दार उघडं असेल, तर सकाळी लवकर, टॉर्च घेऊन, बॅग खाली सोबत्याजवळ ठेवून.

दरवाजातल्या वाटेत मात्र थांबा. स्टँडऐवजी मुगाची पिशवी न्या, जाड कापडाची, अर्धवट भरलेली. कोनाड्यात किंवा पडलेल्या दगडावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवायचा. केबल रिलीज हवी, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार. इथे एक हिशोब कुणी सांगत नाही: फिल्मला लांब एक्स्पोजरमध्ये आळस चढतो, एका सेकंदाच्या पुढे मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. के१००० च्या शटरच्या आकड्यांत एका सेकंदापुढचं काही नाही, म्हणून लेन्स एफ २ ला उघडून वाचायचं. मला १/४ सेकंद आला. एफ ११ पर्यंत पाच स्टॉप, म्हणजे ८ सेकंद. एचपी५ साठी इल्फर्डचा घातांक १.३१ आहे, म्हणजे सेकंदांचा १.३१ वा घात काढायचा, त्या हिशोबाने ८ चे सुमारे १५ होतात. १० चे २०, ३० चे दीड मिनिटाच्या जवळ. चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या झाकणात चिकटवा. आणि झाकण लावायला विसरू नका, या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, उजेड मिळत राहिला की बॅटरी खात बसतो.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीत कबरींचे दगड बसवलेले आहेत, पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेले. दुपारी ते सपाट लाद्या दिसतात. सकाळी तिरपं ऊन जमिनीला टेकलं की अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळी होते, आणि कोरलेली खोली बोटाने चाचपल्यासारखी दिसू लागते. इथे कमी स्पीडची, १०० ची फिल्म वापरली, गुडघ्यावर बसून, एकच दगड. काकांनी ती चौकट पट्टीवर नखाने ठोकली आणि म्हणाले, "हा फोटो आहे." एवढंच. त्या दिवशी गिरगाव ते घर मी चालत आले, तेव्हा पुढच्या सल्ल्यात थोडा उत्साह जास्त झाला असेल तर समजून घ्या: मनोरे, कमानी, अख्खं चर्च एका चौकटीत हे सगळं सोडा. कॅमेरा वर झुकवला की भिंती मागे कलंडतात आणि सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात. खाली बघा.

गोन्सालो गार्सियांच्या चर्चमध्ये तुलनेने सोपं आहे, फोटो येतात, वेगळं सांगायला नको. ते भाविकांचं ठिकाण आहे एवढं भान ठेवा. या वसईच्या माणसाला १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर चढवलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं.

किल्ल्यालगतच्या कोळीवाड्यात, किल्लाबंदरकडे, वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळत असतात. तिथल्या मावशींना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. विचारलंत तर बहुतेक हो म्हणतात.

झाडी वाढलेल्या कोपऱ्यांत एकटीने शिरू नका. पावसाळ्यानंतर गवतात पाय ठेवताना बघा. पाणी, टोपी बरोबर हवी.

रिक्षा. वसई रोड स्टेशनबाहेर मला तीनशे सांगितले आणि वर 'परतीला काही मिळत नाही, मी थांबतो, सहाशे द्या.' साफ खोटं. स्टेशनच्या पश्चिमेहून किल्लाबंदर-पाचूबंदरकडे महापालिकेच्या बस जातात, त्याच परत येतात. स्टँड नसेल तर बसमध्ये आरामात बसता.

आणि लॅबला रोल देताना पाकिटावर लिहूनच द्या: आपोआप उजळवू नका, सगळ्या चौकटी एकाच सेटिंगवर स्कॅन करा, निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत परत हवी. 'निगेटिव्ह ठेवत नाही, फेकतो' म्हणाले तर रोल उचला आणि बाहेर पडा.