लग्नाची शूटिंग, हार्ड डिस्क आणि आठ दिवसांचा ताप

धाकट्या बहिणीचं लग्न गंगाखेडला झालं आणि शूटिंग हातात पडली दोन महिन्यांनी, तीपण डीव्हीडी नाही पेनड्राईव्ह नाही, फोटोग्राफरनं आमच्याकडूनच १ टीबीची हार्ड डिस्क मागून घेतली आणि त्यात टाकून दिली. आत एकच फाईल, ३ तास १० मिनिटांची, ३५ जीबी. म्हणला फोर के आहे दादा, थेटरसारखं दिसंल. मग काय, परभणीत आमच्या घरी आत्या, मामी, शेजारच्या काकू सगळ्या कूलरसमोर सतरंजी टाकून बसल्या आणि मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडला.

पहिल्या दिवशी तर डिस्कच दिसंना. लाईट लागायली, आतून टिक टिक आवाज यायला, पण माय कॉम्प्युटरमधे नाव नाही. मला वाटलं गेली डिस्क, घामच फुटला. चुलतभाऊ मोबाईलच्या दुकानात बसतो, तो आला, काही न बोलता केबल पुढून उपसली आणि सीपीयूच्या मागं खोचली, लगेच दिसली. या छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, यूएसबीतूनच करंट घेती, आणि फिरायला लागताना जास्तच घेती. पुढच्या पोर्टाला आतून लांब बारीक वायर आलेली असती, आमच्या जुन्या डब्यात तिथं जोरच पुरत नव्हता.

बरं, दिसली. विंडोजच्या प्लेअरमधे लावलं तर सनई ऐकू येती, चित्र काळं, आणि वर कसलंतरी एक्स्टेन्शन विकत घ्या म्हणून सांगायला. मग व्हीएलसी टाकलं, ते नारंगी कोनवालं, १९९६ ला पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं, आजपण फुकट आहे. त्यात चित्र आलं पण कसं, इकडं मंगलाष्टकं संपत आली तरी नवरदेव आपला घोड्यावरच, आणि करवल्यांच्या तोंडाचे नुसते करडे चौकोन. आत्या म्हणली, "आरं कामून अडकायलंय ते? डिस्क सेकंडहँड घेतली का काय?"

इथं मी चुकलो. मी पण डिस्कलाच धरून बसलो. नवी केबल आणली, निळ्या पोर्टाला (जास्त वेगाचं यूएसबी ३) लावली, व्हीएलसीच्या सेटिंगमधे जाऊन फाईल कॅशिंग, म्हणजे फाईल थोडी आधीच वाचून ठेवायची वेळ, वाढवलं, तरी तेच. मग डी ड्राईव्हमधलं जुनं सगळं उडवून कसंबसं ४० जीबी मोकळं केलं आणि फाईल कॉम्प्युटरमधेच कॉपी करून लावली. तिथंही नवरदेव घोड्यावरच! म्हणजे डिस्क बिचारीचा काहीच दोष नव्हता, आणि हे मी पहिल्या दिवशीच केलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

संभाजीनगरला एक मित्र एडिटिंगचं काम करतो, त्याला फोन लावला. तो म्हणला टास्क मॅनेजर उघड आणि फाईल चालू असताना वाच. सीपीयू, म्हणजे डब्यातला प्रोसेसर, १०० टक्के, आणि डिस्क सेकंदाला फक्त ३ एमबी वाचायली. हिशोब साधा आहे, ३५ जीबीला ३ तास १० मिनिटांच्या सेकंदांनी भागलं की साधारण ३ एमबीच येतात, आणि जुनं यूएसबी २ सुद्धा सेकंदाला ३० एमबीच्या आसपास आरामात देतं. दहापट रस्ता मोकळा, आणि मी रस्ताच रुंद करत बसलो होतो. खरा घोळ असा की फाईल एचईव्हीसीची, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून भरायच्या नव्या पद्धतीची, तीपण १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटांची. ते उलगडायची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधे नीट आली सातव्या पिढीपासून, आणि आमचा आय ३ चौथ्या पिढीचा. मग सगळं ओझं सीपीयूवर, तो कुठवर ओढणार.

मित्र म्हणला हँडब्रेक टाक, फुकट आहे, १०८० मधे, म्हणजे फोर केपेक्षा लहान चित्रात, जुन्या साध्या एच २६४ पद्धतीची फाईल करून घे. रात्री दहाला लावलं. दोनला लाईट गेली. सकाळी बघतो तर अर्धवट एमपीफोर, उघडंनाच, कारण त्या फाईलीत काय कुठं आहे याचा हिशोब काम पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिला जातो म्हणे. (एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची फाईल केली असती तर झाली तेवढी तरी चालली असती.) दुसऱ्या रात्री कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला, आईला म्हणलं आज एकच पंखा लाव, तिनं जे ऐकवलं ते इथं लिहित नाही. सकाळी साडेसातला झालं. साडेआठ जीबी. परत हार्ड डिस्कमधे टाकली आणि मूळ फाईल तशीच ठेवली, कधी नवा कॉम्प्युटर घेतला तर कामी येईल.

रविवारी परत सतरंजी पडली. लोण्यासारखं चाललं. हळद, सीमंतपूजन, अक्षता, कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांचा जीव पंगतीत. तिथं आत्या एकदम ओरडली, "थांबव थांबव! मागं घे!" मागं घेतलं. आचाऱ्याच्या टेम्पोत भांडी चढवायली होती आणि त्यात आत्याची पितळी परात, काठाला पोचा असलेली, जी लग्नापासून घरात कुणी सापडून देईना आणि मामीवर संशय होता. झालं, पॉज करून पाऊण तास परातीवर चर्चा, मामीचा आवाज चढला, आचाऱ्याला फोन झाला, मधे चहा झाला.

परत प्ले दाबलं तर चित्र जागचं हलंना. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मामी म्हणली, "गेली का पुन्हा तुमची डिस्क?" मी काही बोललो नाही, इतका वेळ काम नसलं की ती फिरायची थांबती, झोपती, एवढं आता कळलं होतं. पाच-सहा सेकंद गेले, सीपीयूच्या मागून घुर्रर्र झालं, आणि टेम्पो हलला.