आरोमाँशचा किनारा: बंकर आणि बंदर बघायचं तर आधी ओहोटी वाचा

नॉर्मंडीतल्या आरोमाँशचे फोटो बघून वाटतं, वाळूतून थोडं चाललं की ते अजस्र काँक्रीटचे ठोकळे हाताला लागतील. लागत नाहीत. लांब पल्ल्याच्या लेन्सने ते जवळ ओढलेले असतात. ते ठोकळे म्हणजे फिनिक्स, जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी तात्पुरतं बंदर उभारायला इंग्लंडहून टगबोटींनी ओढत आणून इथे बुडवलेल्या पोकळ पेट्या. सगळ्यांत मोठी पेटी सुमारे ६० मीटर लांब आणि ६,००० टनांची. बहुतेक पेट्या पूर्ण ओहोटीलाही पाण्यातच असतात. पायी गाठता येतात ते बीटल: तरंगत्या पोलादी रस्त्याला खालून पेलणारे काँक्रीटचे तराफे. गावासमोरच वाळूत रुतलेत.

ते बघायला दिवस निवडून जा. फ्रेंच तक्त्यात प्रत्येक भरतीपुढे २० ते १२० मधला एक आकडा असतो, तो 'कोएफिसियाँ'. ९० च्या पुढे म्हणजे उधाण, पाणी खूप उतरतं; ४५ च्या आसपास म्हणजे भांग, पाणी थोडंच उतरतं. भांगाच्या दिवशी जाणं म्हणजे पेट्रोल वाया. उधाणाला पाणी ६ मीटरच्या वर चढतं-उतरतं, मुंबईपेक्षा जास्त. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं सूत्र इथे वापरू नका, छापील वेळच धरा.

पण छापील वेळेतच खरा सापळा आहे. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. काही तक्ते वर्षभर हिवाळी घड्याळाने छापतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. काहींत तो आधीच मिळवलेला असतो. मिळवायचा राहिला तर तुम्ही तासभर लवकर पोचता, पाणी अजून उतरत असतं, बिघडत काही नाही. आधीच मिळवलेल्या वेळेत पुन्हा मिळवलात, तर पाणी चढायला लागून तास झालेला असतो आणि तुम्ही अजून पुढेच चालत असता. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात कोणतं घड्याळ ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय वाळूत उतरू नका.

कारण पूर्वेला, सँ-कोमच्या कड्याखालून आनेलपर्यंतचा सुमारे ३ किलोमीटरचा पट्टा वाईट आहे. भरतीचं पाणी थेट कड्याच्या पायथ्याला लागतं आणि कडा चढता येत नाही. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाने वर येतं, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते, म्हणजे दोन तासांत ३ मीटर. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा, ओहोटीच्या क्षणी आनेलला पोचलेले असा आणि परत कड्यावरच्या वाटेनेच या. दिवसभर पायपीट करून दमलेले असाल तर खालून जाऊच नका, वरूनच जा. हे कळकळीने सांगतोय.

पायात जुने, बंद बूट हवेत. बीटलच्या कडांमधून गंजलेल्या सळ्या बाहेर आल्यात. लाटांच्या भोवऱ्यांनी ठोकळ्यांभोवती खड्डे खणलेले असतात. वर वीतभर पाणी दिसतं, आत मांडीपर्यंत पाय जातो. वर चढू नका, गंज फुगून काँक्रीटचे पापुद्रे सुटताहेत.

आनेलच्या किनाऱ्यावरचा जर्मन बंकर मात्र चुकवू नका. माझ्या मते सगळ्या भागात सर्वाधिक शिकवणारी वास्तू हीच. तोफेचं तोंड समुद्राकडे नाही, आडवं, किनाऱ्याच्या रेषेत आहे. समुद्राच्या बाजूला जाड भिंत. त्यामुळे जहाजांना आतली तोफ टिपता येईना आणि वाळूवर उतरलेल्यांवर बाजूने मारा होई. ६ जून १९४४ ला सकाळी ७:२५ ला इथे ब्रिटिश सैन्य उतरलं. पाण्याखालचे लोखंडी अडथळे दिसावेत म्हणून वेळ चढत्या भरतीच्या सुरुवातीची धरली होती. हे ठाणं पडायला दुपार उलटली. भिंतीपाशी उभं राहून वाळूकडे बघा, इतका वेळ का लागला ते लगेच कळतं.

आरोमाँशच्या पश्चिमेला लाँग-स्यूर-मेरचा जर्मन तोफखाना. चार काँक्रीट घरं, १५० मिलिमीटरच्या नौदलाच्या तोफा, पल्ला सुमारे २० किलोमीटर. तीन घरांत तोफा अजून जागेवर आहेत. चौथं नंतर आत साठवलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटाने फुटलं. प्रवेश फुकट, पैसे फक्त वाटाड्याचे. बरेच लोक तोफांचे फोटो काढून तिथूनच परततात. सुमारे ३०० मीटर पुढे कड्याच्या टोकाला दुमजली निरीक्षण-चौकी आहे. तिच्यातूनच निशाणा सांगितला जाई, ती बघितल्याशिवाय तोफा कळत नाहीत.

तिथे जाणारी कड्यावरची वाट आरोमाँशपासून ६-७ किलोमीटर आहे. माती चिकण आहे, कडा ढासळतो आणि वाट आत वळवावी लागते, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. पाऊस पडून गेला असेल तर डी ५१४ रस्त्याने गाडी किंवा सायकल घ्या. बुटांना किलोभर चिखल घेऊन चालण्यात अर्थ नाही.

मुक्काम जवळच्या बायो शहरात केलात तर रविवारच्या बस आदल्या दिवशीच बघून ठेवा, फार तुरळक असतात.