कॅल्क्युलस राहिला, तेव्हा पुढचा वर्ग कसा ठरवला

कॅल्क्युलस-२चा, म्हणजे कलनशास्त्राच्या दुसऱ्या भागाचा, निकाल लागला. १०० पैकी ३१, म्हणजे नापास. पुढच्या सत्राची नावनोंदणी नऊ दिवसांवर आली होती आणि गणितातला कोणता विषय घ्यायचा हे मला काही केल्या सुचत नव्हतं.

वाटा तीन होत्या. तोच विषय लगेच पुन्हा घ्यायचा, नाहीतर एक पायरी खाली उतरून प्रिकॅल्क्युलस (कॅल्क्युलसआधीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती) करायचा, नाहीतर लिनिअर अल्जेब्रा (रेषीय समीकरणं आणि मॅट्रिक्सचा विषय) घ्यायचा. लिनिअर अल्जेब्रासाठी आमच्याकडे फक्त कॅल्क्युलस-१ पास असणं पुरेसं होतं. मैत्रीण म्हणाली, "लगेच घे, सगळं ताजं आहे तोवर." दादा म्हणाला, "तुझा पायाच कच्चा आहे, मागे जा." मला दोघांचंही पटायचं आणि रात्री पुन्हा तिथेच यायचे.

शेवटी विषय शिकवणाऱ्या मॅडमना भेटले. मला वाटलं होतं, त्या एक नाव सांगतील आणि मी सुटेन. त्यांनी माझी उत्तरपत्रिका काढून दिली आणि म्हणाल्या, "गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला, ते शेजारी लिही. मग बोलू."

नापास झालेला पेपर पुन्हा उघडून बघणं मला फार जड गेलं. दोन दिवस तो तसाच बॅगेत होता. तिसऱ्या दिवशी बसले आणि गेलेल्या ६९ गुणांचा हिशोब मांडला. ३४ गुण अशा ठिकाणी गेले होते जिथे इंटिग्रेशनची (संकलनाची) पद्धत बरोबर निवडली होती, पण पुढे बीजगणितात हात अडकला होता. २१ गुण अनंत श्रेणींच्या, म्हणजे कधीच न संपणाऱ्या बेरजांच्या, प्रश्नांत गेले होते. उरलेल्या १४ गुणांच्या प्रश्नांपर्यंत मी पोचलेच नव्हते.

३४ गुणांमधलं एक उदाहरण सांगते, कारण सगळा निर्णय त्यावर फिरला. १ भागिले (एक्सवर्ग + ६एक्स + १३) याचं इंटिग्रेशन करायचं होतं. इथे छेदाचा पूर्ण वर्ग करायचा, म्हणजे छेद (एक्स + ३) चा वर्ग + ४ असा होतो आणि उत्तर टॅन इन्व्हर्सच्या रूपात सुटतं. मला हे माहीत होतं. पण घाईत मी (एक्स + ३) चा वर्ग + १३ लिहिलं होतं. वर्गातून आलेले ९ वजा करायचे राहिले आणि तिथून पुढची सगळी मांडणी वाया गेली. पार्शल फ्रॅक्शनच्या, म्हणजे एक मोठा अपूर्णांक लहान अपूर्णांकांत फोडण्याच्या, दोन गणितांतही असंच. अपूर्णांक बरोबर फोडले होते, सहगुणक काढताना चुकले होते.

म्हणजे दादा बरोबर होता का? पाया कच्चाच म्हणायचा का? अंदाजावर सत्र घालवायचं नव्हतं, म्हणून प्रिकॅल्क्युलसची जुनी अंतिम परीक्षा मिळवली आणि घड्याळ लावून घरी सोडवली. ७८ मिळाले. चुका तीनच जागी होत्या: पूर्ण वर्ग, परिमेय राशींची बेरीज आणि त्रिकोणमितीतली दुप्पट कोनाची सूत्रं. तीन प्रकरणांसाठी अख्खं सत्र त्या वर्गात बसण्यात अर्थ नव्हता. ही तीन प्रकरणं मी घरी करू शकत होते. वाट ठरवायला सगळ्यात जास्त मदत या एका संध्याकाळी झाली. पायरी खाली उतरायचा विचार कोणाच्याही मनात असेल, तर त्यांनी आधी त्या पायरीची अंतिम परीक्षा देऊन पाहावी असं मला मनापासून वाटतं.

श्रेणींचे २१ गुण मात्र वेगळे होते. तिथे हात चुकला नव्हता, समजच चुकीची होती. तीन प्रश्नांत मी एकच कारण दिलं होतं: पदं शून्याकडे जातात, म्हणून बेरीज सांत आहे, म्हणजे एका ठराविक आकड्याशी स्थिरावते. १ + १/२ + १/३ + १/४ अशी हार्मोनिक श्रेणी हेच खोटं ठरवते. पदं शून्याकडे जातात खरी, पण बेरजेला मर्यादा नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेमने हे दाखवलं ते इतकं सोपं आहे की वाचून मी वही बंद करून बसून राहिले. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ पासून १/८ पर्यंतची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ, मग सोळा. अर्धे अर्धे असे कितीही मिळत राहतात, मग बेरीज थांबणार कुठे? आणि तरी ती वाढते इतकी हळू की १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. उलट छेदांचे वर्ग केले, १ + १/४ + १/९ असं, की बेरीज पाय-वर्ग भागिले ६ इथे स्थिरावते. हे ऑयलरचं उत्तर. बेरीज सांत आहे का हे ठरवण्याच्या कसोट्यांची यादी मी पाठ केली होती, पण त्या कसोट्या कशासाठी आहेत हे सत्रभरात मला कळलंच नव्हतं.

हे हाताशी घेऊन मॅडमकडे परत गेले. या वेळी प्रश्न नेमके होते. लगेच पुन्हा घेतला तर श्रेणी सत्राच्या शेवटी येणार, तोवर बीजगणित सुधारायला वेळ मिळेल का? त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नाही. पहिल्या तीन आठवड्यांतच इंटिग्रेशनच्या सगळ्या पद्धती येतात. तू पुन्हा तिथेच अडशील." मग मी लिनिअर अल्जेब्राचं पुस्तक घेऊन पहिल्या दोन प्रकरणांची गणितं करून पाहिली. समीकरणांच्या संचाचं मॅट्रिक्स मांडायचं आणि ओळींवर क्रिया करत गॉसच्या पद्धतीने सोडवायचं. इंटिग्रेशन कुठेच नाही, पण प्रत्येक ओळीत चिन्हं आणि अपूर्णांक सांभाळावे लागतात. मला जो सराव हवा होता तो इथे रोज होणार होता, आणि विषयही पुढे सरकणार होता.

नावनोंदणीआधी एक काम राहिलं होतं. पुन्हा घेतल्यावर जुना शेरा पुसला जातो की दोन्ही सरासरीत धरतात, आणि किती वेळा घेता येतो, याचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. मी ते कार्यालयातून लेखी मागून घेतले. आमच्याकडे एक सत्र थांबून घेतल्याने काही बिघडत नव्हतं. मग ठरवलं: या सत्रात लिनिअर अल्जेब्रा, सोबत घरी ती तीन प्रकरणं, आणि पुढच्या सत्रात कॅल्क्युलस-२.

लिनिअर अल्जेब्रा सोपा गेला असं नाही. सदिश अवकाशाच्या सिद्धतांपाशी महिनाभर चाचपडले. पण एका दुपारी, (३एक्स + ५) भागिले (एक्स + १)(एक्स + २) याचे पार्शल फ्रॅक्शन काढताना, दोन लहान अपूर्णांकांचे अंश अ आणि ब धरले, तेव्हा अ + ब = ३ आणि २अ + ब = ५ अशी दोन समीकरणं समोर आली आणि मी नकळत त्यांचं मॅट्रिक्स मांडलं. अ = २, ब = १. ज्या जागी पेपरात गुण गेले होते ती जागा मी आता दुसऱ्याच विषयातून पार केली होती. दादाला लगेच फोन केला. त्याला त्यातलं फारसं कळलं नाही, तरी तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

थांबण्याची किंमतही मोजावी लागली, ते लपवत नाही. कॅल्क्युलस-२ पुन्हा सुरू झाला तेव्हा इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये कोणतं फलन आधी घ्यायचं याचा अंदाज पुसट झाला होता. मैत्रीण म्हणाली होती ते तितकं खरं ठरलं. पहिले दोन आठवडे रोज पाच गणितं सोडवून ते परत आणलं. श्रेणींपर्यंत पोचले तेव्हा हार्मोनिक श्रेणी फळ्यावर लिहिली गेली आणि मॅडमनी विचारलं, "बेरीज सांत आहे का?" मी हात वर केला.

अंतिम परीक्षेत ६८ मिळाले. आता पुढे डिफरन्शिअल इक्वेशन्स की प्रोबॅबिलिटी हा प्रश्न आहे. दोन्हींना इंटिग्रेशन लागतं. दोन्हींच्या पहिल्या प्रकरणाची गणितं शनिवारी करायला काढून ठेवली आहेत.