बिनसूर्याचं ऊन

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहा असा निरोप आला आणि मला आठवीचा चित्रकलेचा तास आठवला. सरांनी फळ्यावर जुन्या कॅलेंडरचं एक विटकं पान टाचलं होतं. पिवळंजर्द शिवार, मधोमध निळी गाडी, मागे जांभळट डोंगर.

"यात सूर्य कुठे आहे, शोधा," सर म्हणाले.

आम्ही बाकांवर चढून पाहिलं. सूर्य नव्हताच. "मग ऊन कसं काय जाणवतंय?"

दोन डोंगरांच्या मधून सूर्य उगवल्याशिवाय आमचं एकही निसर्गचित्र पुरं होत नसे. सरांनी एकेक पिवळा बोटानं दाखवला: उभ्या गव्हाचा वेगळा, कापलेल्याचा वेगळा, धसकटांचा आणखी वेगळा. मग निळ्या गाडीवर तळहात झाकला आणि काढला. गाडी दिसली की पिवळा तापायचा! तो तळहात मला आजही दिसतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ते 'सुगी' नावाचं चित्र. जून १८८८, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावाजवळचं ला क्रोचं मैदान. आठवड्याहून थोड्या जास्त दिवसांत त्यानं सुगीची दहा चित्रं रंगवली आणि मग वादळी पावसानं सुगीच संपवली. हे ऐकताना मला वळवाचे ढग पाहून गंज झाकायला धावणारे वडील आठवले. परक्या देशातला तो माणूस त्या क्षणी आमच्या भावकीतला वाटला.

पुढे हेच चित्र त्यानं बोरूनं कागदावर उतरवून मित्रांना पाठवलं होतं. सरांनी आम्हालाही ओढ्यावरून बोरू आणायला लावले, स्वतः तासून दिले. "आता रंगाशिवाय ऊन दाखवा." माझे तीन कागद फाटले. चौथ्यावर आमच्या रानातली धसकटं उतरली, नुसत्या आखूड उभ्या रेघांनी. सरांनी ते चित्र वर्षभर वर्गात लावून ठेवलं.

२०१९ मध्ये लेकीकडे गेलो तेव्हा ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात मूळ चित्र पाहिलं. जेमतेम ७३ बाय ९२ सेंटिमीटर. बराच वेळ समोरून हलवेना. गंजीला एक शिडी टेकवलेली होती. सरांच्या विटक्या पानावर ती आम्हाला कधी दिसलीच नव्हती. सरांना ती दाखवायची राहून गेली.