सोबत आलेला भाऊ

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत चारच ओळी होत्या. वय पंधरा, दोन महिन्यांपासून पाळी नाही, सोनोग्राफी आणि थायरॉईड ठीक, खाण्याच्या सवयी तपासून आहार ठरवून द्यावा. नवरात्र महिन्यावर आले की वडोदऱ्यातल्या आहारतज्ज्ञांकडे अशा चिठ्ठ्यांची संख्या वाढते. चणियाचोळी शिवायला टाकलेली असते, मैत्रिणींनी नऊ रात्रींचे पास काढलेले असतात आणि दहावीतली मुलगी एक दिवस जाहीर करते की आजपासून मी रात्री जेवणार नाही. घरचे आधी हसतात, मग रागावतात आणि पाळी चुकली की दवाखान्यात येतात. मी सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात शिकले आणि तेव्हापासून याच शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात काम करते आहे, त्यामुळे त्या सकाळचे प्रकरण मला नेहमीच्यातलेच वाटले होते. कुटुंबाच्या संमतीने ते येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, मुलगी आणि मुलीचा सतरा वर्षांचा भाऊ असे तिघे आले. घर रावपुऱ्यातले, मराठी, चार पिढ्या बडोद्यात काढलेले. भाऊ केवळ आईला स्कूटरवरून आणायला म्हणून आला होता आणि फाइल मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. आईने बोलायला सुरुवात केली ती मुलीच्या तक्रारींनी, पण दर दोन वाक्यांनंतर तिची नजर मुलाकडे वळत होती. "ही रात्री ताटावर बसतच नाही हो मॅडम, आणि मग मध्यरात्री डबे उघडते. आता याच्याकडे बघा. वजन कमी करायचं तर कसं शिस्तीत केलं. लहानपणापासून सगळे याला लाडू म्हणायचे. आठ महिन्यांत सव्वीस किलो उतरवले, एक दिवस चुकला नाही."

किशोरवयीन मुलांशी काही वेळ एकट्याने बोलायचे, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मुलीने दहा मिनिटांत जे सांगितले ते आईच्या तक्रारीहून गंभीर होते. दिवसभर ती जवळजवळ काही खात नसे, रात्री सगळे झोपल्यावर चिवडा, बिस्किटे, उरलेली पोळी असे जे सापडेल ते पोट दुखेपर्यंत खाई आणि आठवड्यातून तीन-चार वेळा नळ सोडून, आवाज जाऊ नये याची काळजी घेऊन, ओकून टाकी. हे चार महिने चालले होते. गरब्याच्या आधीपासून, हे तिने स्वतःच मुद्दाम सांगितले. तिचे वजन वयाच्या मानाने सर्वसामान्य होते. घरात तिच्या खाण्यावर सगळ्यांचे लक्ष होते. भात दुसऱ्यांदा घेतला की आत्या बोले, नाही घेतला की आई बोले, आणि आपल्यामागे काय चालले आहे ते मात्र कोणालाही कळलेले नव्हते.

आईला आत बोलावले तेव्हा मुलगा दार धरून उभा राहिला आणि तसाच काही क्षण थांबला. भाद्रपदातला तो उकाडा बडोदेकरांना सांगायला नको. पंख्याखाली बसून माझी मान भिजली होती. त्याच्या अंगात मात्र जाड, टोपीचे जाकीट होते आणि बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. मी त्याला बसवले आणि फाइल घेण्याच्या निमित्ताने हात पाहिला. बोटे थंडगार, नखांवर निळसर छटा आणि मनगटाच्या वर बारीक, मऊ लव, जी दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरावर उगवते. परिचारिकेला नाडी बघायला सांगितली. बसल्या जागी मिनिटाला ४४. रक्तदाब ८८/५४, ताप मोजला तर ३५.४ अंश सेल्सिअस. उभे केल्यावर नाडी एकदम ८० च्या घरात गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, असे तो म्हणाला.

"पण मॅडम, खेळाडूंची नाडी कमीच असते ना?" आईचा प्रश्न अगदी रास्त होता. मुलगा रोज पहाटे कमाठीबागेत धावत होता आणि संध्याकाळी जिममध्ये जात होता, तेव्हा तिने असे समजणे स्वाभाविक होते. परंतु सराव करणाऱ्या धावपटूची नाडी मंद असली तरी त्याचा रक्तदाब आणि शरीराचे तापमान असे घसरत नाही, आणि नुसते उभे राहिल्याने नाडी अशी उसळत नाही. किशोरवयीन रुग्णाची जागेपणीची नाडी ५० च्या खाली गेली की दाखल करण्याचा विचार करावा, अशी या क्षेत्रातली प्रचलित मार्गदर्शक सूचना आहे. मी बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. चिठ्ठी बहिणीच्या नावाची होती आणि खाट भावासाठी मागत होते, म्हणून स्वागतकक्षात पाच-दहा मिनिटे गोंधळ झाला तो वेगळाच.

त्याचे निदान इतके दिवस का झाले नाही, हे त्याच्या आकड्यांतच दिसत होते. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८४ वरून ५८. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २८ वरून साडेएकोणीसच्या आसपास आलेला. भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढतक्त्यावर बिंदू मांडला, तर तो बिनधोक सर्वसाधारण पट्ट्यात पडतो. तक्ता आजचा बिंदू दाखवतो. तिथवरचा उतार पाहायचा तर मागचे बिंदूही मांडावे लागतात, आणि ते कोणी मांडले नव्हते. एकतीस टक्के वजन गेलेल्या मुलाला शाळेत, जिममध्ये आणि नातेवाइकांच्या लग्नांत शाबासकी मिळत होती. वजन सर्वसामान्य दिसूनही बाकी सर्व लक्षणे अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने उपाशी राहण्याच्या विकाराची असतील, तर त्याला 'अटिपिकल' (नेहमीच्या रूपाहून वेगळा) अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. शरीराला होणारा धोका मात्र त्या विशेषणाने कमी होत नाही.

मुलगा बोलका होता आणि हुशारही. आपण उपाशी राहतो हे त्याला मान्यच नव्हते. त्याच्या भाषेत ते 'कटिंग' होते: चरबी उतरवायची, स्नायू दिसू द्यायचे. मोबाइलमध्ये प्रत्येक घासाची नोंद होती. ओट्स, उकडलेले मूग, अंड्यांचा पांढरा भाग, प्रोटीनची पावडर. तूप नाही, सहानंतर भात नाही, शनिवारी मारुतीचा कडक उपवास. दिवसाची बेरीज ११०० कॅलरींच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सोळा ते अठरा वयाच्या मुलग्यांसाठी ऊर्जेची गरज दिवसाला ३३२० कॅलरी धरली आहे, हे मी त्याला तक्त्यात दाखवले, तेव्हा तो छापण्यातला घोळ असावा असे त्याने प्रामाणिकपणे सुचवले.

नंतर मी दोघांनाही खाण्याच्या वृत्तीविषयीची प्रश्नावली दिली. ही २६ प्रश्नांची प्रश्नावली १९८२ पासून जगभर वापरली जाते आणि तिच्यात २० किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी करावी असे मानतात. बहिणीचे गुण २० च्या बरेच वर गेले. भावाचे २० च्या आत राहिले. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. ती प्रश्नावली तरुण मुली आणि स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून, त्यांच्यावरच पारखून तयार झाली. अधिक बारीक व्हावे असे सतत वाटते का, या प्रश्नाला त्याने ठामपणे 'कधीच नाही' असे उत्तर दिले, आणि ते खरेच होते. त्याला रुंद व्हायचे होते. खांदे किती भरले, दंडाची शीर दिसते का, याबद्दल तिथे एकही प्रश्न नव्हता. स्नायू कितीही झाले तरी कमीच वाटण्याच्या या विकाराचे वर्णन अमेरिकेत शरीरसौष्ठवपटूंच्या अभ्यासातून १९९० च्या दशकात झाले. निदानाच्या निकषांतही हीच गोष्ट होती. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची नवी आवृत्ती येईपर्यंत, अ‍ॅनोरेक्सियाच्या निकषांत सलग तीन पाळ्या चुकणे हा एक निकष होता. मुलग्यांच्या बाबतीत उपासमारीने टेस्टोस्टेरॉन घटते आणि हाडे ठिसूळ होतात. पण घरात कोणाच्या लक्षात यावे असे महिन्याचे चिन्ह त्यांच्यापाशी नसते.

दुपारी वडील कंपनीतून आले आणि त्यांनी सगळ्यांना अपेक्षित असलेला प्रश्न विचारला: मुलग्यांना कुठे असले आजार होतात? मी त्यांना ईसीजीचा कागद दाखवला, कारण त्या क्षणी इतिहास सांगण्यात अर्थ नव्हता. परंतु इतिहास त्यांच्या विरोधात आहे. १६८९ मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने या आजाराच्या ज्या दोन रुग्णांचे वर्णन केले, त्यांत एक अठरा वर्षांची मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे आरंभीच्या नोंदीतच दोघे शेजारी शेजारी होते.

याचा अर्थ मुलगे-मुली यांत फरक नाही, असा काढणे मात्र मला मान्य नाही. हल्ली काही भाषणांत तसे उत्साहाने सांगितले जाते. अमेरिकेत तेरा ते अठरा वयोगटातल्या दहा हजारांहून अधिक मुलामुलींची जी पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पूर्ण निकष लावल्यावर अ‍ॅनोरेक्सियाचे प्रमाण मुलगे आणि मुली दोघांत ०.३ टक्के आढळले. पण खाऊन ओकण्याचा बुलिमिया मुलींमध्ये १.३ टक्के तर मुलग्यांमध्ये ०.५ टक्के, आणि अनावर खाण्याचा विकार मुलींमध्ये २.३ तर मुलग्यांमध्ये ०.८ टक्के होता. माझ्या ओपीडीतही मुलीच अधिक येतात, आणि त्या केवळ आणल्या जातात म्हणून अधिक दिसतात असे नाही. वयात येताना मुलीच्या शरीरात चरबी वाढते आणि समाजाने सुंदर ठरवलेल्या आकृतीपासून ती दूर जाते. त्याच वयात मुलाचे खांदे रुंदावतात आणि तो त्याच्यासाठी ठरवलेल्या आकृतीच्या जवळ जातो. ज्या मुलाचे खांदे वेळेवर रुंदावत नाहीत, किंवा ज्याला सगळे लाडू म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी.

उपासमारीचे मन मात्र स्त्री-पुरुष पाहत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. ते चिडचिडे झाले, उन्हाळ्यातही थंडीने कुडकुडले, आणि त्यांतले काही पाककृतींची पुस्तके जमवून तासन्‌तास वाचत बसू लागले. आमचा मुलगा रात्री दोनपर्यंत स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहत असे आणि रविवारी बहिणीसाठी चीजचे सँडविच करून, ती खाते कशी हे समोर बसून बघत असे. आईला त्यात भावाचे प्रेम दिसले होते. ते नव्हतेच असे मी म्हणणार नाही. पण ती भूकही होती.

दाखल केल्यानंतरचे पहिले दिवस आहारतज्ज्ञाच्या दृष्टीने सर्वांत जपून काढायचे असतात. उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर इन्सुलिन वाढून रक्तातले फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आम्ही मोजून सुरुवात केली आणि रोज रक्त तपासत आहार वाढवला. आजी तुपातला शिरा घेऊन आली होती, तिला दारातच समजावावे लागले. आजोबांविषयी मला धास्ती होती. तरुणपणी दांडिया बाजारातल्या माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब केलेला माणूस. नातवाच्या व्यायामाचा सर्वांत मोठा अभिमान त्यांनाच होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी जो खात नसे त्याला वस्ताद मातीत उतरूच देत नसत. याला कोणी विचारलं नाही?" पुढे घरी प्रत्येक जेवणाला मुलासमोर बसायची जबाबदारी आई-वडिलांइतकीच त्यांनी उचलली. कुटुंबानेच जेवणाचा ताबा घ्यायचा ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झाली, आणि तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या घरात ती राबवणे सोपेही असते आणि अवघडही, कारण ताटावर सूचना देणारी तोंडे फार असतात. नाडी सुधारेपर्यंत जिम बंद, हे मुलाला सर्वांत जड गेले. प्रशिक्षकाचा फोन दोनदा येऊन गेला.

या धावपळीत बहिणीच्या दोन भेटी चुकल्या. घरातला मोठा आजार ठरला होता, आणि ती तर आता रात्री सर्वांसोबत जेवतही होती, म्हणून तिचे सुटले असे गृहीत धरले गेले. मी आईला फोन केला तेव्हा ती मनापासून म्हणाली, "तिचं काय, ती गरब्याची हौस होती हो, झाली आता." वारंवार ओकण्याने घटू शकणाऱ्या पोटॅशियमची मुलीची तपासणी राहून गेली होती आणि ओकणे थांबलेले नव्हते; वरून तिला आता असेही वाटू लागले होते की भावाच्या मानाने आपले काही नाहीच. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही तिची फाइल भावापासून वेगळी केली आणि तिला स्वतंत्र वार दिला. त्या वारी आईऐवजी वडिलांनी तिला घेऊन यावे, असे आम्ही सुचवले, आणि पहिल्या वेळी ते अर्धा तास उशिरा का होईना, पण आले.