फॉर्म आपोआप रिकामा होतो

तिकिटावर एवढंच लिहिलेलं, "कर्ज अर्ज भरताना कधीकधी फॉर्म आपोआप रिकामा होतो." सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे मेंटेनन्सला आलेलं, मूळ बनवलेलं दुसऱ्याच कुणीतरी, आणि ही तक्रार तेव्हापासूनची. बॅकएंडच्या पोरांनी लॉग तपासले, सेशन टाइमआउट बघितला, जावास्क्रिप्ट पिंजून काढली, पण आमच्याकडे फॉर्म काही रिकामा होईना. शेवटी म्हटलं मीच जाऊन बघते, आणि सरळ शाखेत काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसले.

काउंटरवरच्या ताईंचा हात बघत राहावा असा. शेजारी कागदी अर्ज, नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर, टॅब मारत मारत एकेक रकाना भरत जायच्या, माउस कुठेतरी पासबुकांच्या गठ्ठ्यामागे पडलेला. एक सोनेतारणाचा अर्ज घेतला, नाव, खाते नंबर, दागिन्यांचं वजन, सगळं झालं, टॅब टॅब एंटर, आणि फॉर्म कोरा! "बघा मॅडम, झालं ना? आता परत पहिल्यापासून." आणि समोरच्या गिऱ्हाईकाला म्हणाल्या, "दादा, बसा जरा."

मी म्हटलं ताई, परत करा पण हळू. तेव्हा दिसलं. "जतन करा" आणि "रद्द करा" ही बटणं शेजारी-शेजारी, आणि एंटर मारताना फोकस, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी पानावर जिथे असतो ती जागा, "रद्द करा"वर होता. पण स्क्रीनवर ते कळायला काहीच मार्ग नाही, दोन्ही बटणं अगदी सारखी दिसत होती. ताई टॅब मोजून मारत होत्या! साध्या कर्जात जामीनदाराचा रकाना असतो, सोनेतारण निवडलं की तो लपतो, म्हणजे एक टॅब कमी, आणि हात मात्र सवयीने तेवढेच टॅब मारणार, म्हणून तो एक टॅब पुढे जाऊन "रद्द करा"वर. आम्ही ऑफिसात सगळे माउसने टेस्ट करत होतो, आम्हाला तो बग कसा सापडणार.

लॅपटॉप उघडून सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणारी फाइल, बघितली तर सुरुवातीलाच, सगळ्या एलिमेंट्सना :फोकस लावून आउटलाइन नन, म्हणजे फोकस असेल तिथे भोवती येणारी रेघच काढून टाकलेली. आणि त्याच फाइलमध्ये खाली बटणांच्या :होव्हरला, म्हणजे माउसचा बाण वर आला की, रंग बदलणार, सावली येणार, त्याला छान ट्रांझिशन. मला खरंच राग आला. बाण वर नेला की बटण किती सुंदर दिसावं याचा एवढा विचार, आणि जी बाई दिवसभर हे वापरते तिला आपण कुठे आहोत हेसुद्धा दिसू नये? :फोकस, :होव्हर यांना सुडो-क्लास म्हणतात, आणि त्यांचं कामच ते आहे, माणूस आत्ता पानावर काय करतोय हे ब्राउझरला माहीत असतं, ते आपण फक्त दाखवायचं. एचटीएमएलला हात लावावा लागत नाही, स्क्रिप्ट लागत नाही.

लोक आउटलाइन का काढतात तेही माहितीये. पूर्वी माउसने बटण दाबलं तरी भोवती रिंग यायची आणि डिझायनर म्हणायचा हे काय मध्येच. पण आता त्यासाठी :फोकस-व्हिजिबल आहे, कीबोर्डने आलात तर रिंग, बटण माउसने दाबलं तर नाही. क्रोममध्ये 2020 पासून, सफारीमध्ये 2022 पासून चालतंय. आणि फोकस दिसलाच पाहिजे हे डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक निकषांमध्ये, 2008 पासून लिहिलेलं आहे, निकष 2.4.7, म्हणजे ही काही मर्जीची गोष्ट नाही.

तिथेच ताईंच्या मशीनवर ब्राउझरमधली डेव्हटूल्स (पानाचा कोड तिथल्या तिथे बदलून बघायची साधनं) उघडून :फोकस-व्हिजिबलला तीन पिक्सेलची गडद निळी आउटलाइन दिली, दोन पिक्सेल ऑफसेट. आउटलाइन जागा खात नाही, त्यामुळे रकाने इकडेतिकडे सरकत नाहीत. म्हटलं आता भरा. ताईंनी सोनेतारणच घेतलं, टॅब मारत शेवटाला आल्या, मान वर केली आणि थांबल्या. "अगंबाई, हे रद्दवर आलंय की!" शिफ्ट-टॅब, एंटर, जतन.

मग त्यांनीच दुसरं सांगितलं, पान उघडल्या उघडल्या सगळे रकाने लाल दिसतात, नवीन मुलगी लागली होती ती घाबरली, तिला वाटलं आपणच काहीतरी बिघडवलं. ते :इनव्हॅलिडचं काम. सक्तीचा रकाना रिकामा म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने चूकच, माणसाने अजून हातही लावला नसला तरी. यासाठी आता :युजर-इनव्हॅलिड आहे, माणसाने भरून झाल्यावरच लाल. पण काउंटरची मशीन विंडोज 7 वाली, तिथे क्रोम 109 च्या पुढे जातच नाही आणि क्रोममध्ये :युजर-इनव्हॅलिड आलं 119 ला. म्हणून जुनी पद्धत वापरली, फोकस नसलेला, प्लेसहोल्डर दिसत नसलेला आणि इनव्हॅलिड असलेला रकाना, दोन :नॉट आणि एक :इनव्हॅलिड जोडून. रकान्याला प्लेसहोल्डर, म्हणजे रिकामा असताना आत दिसणारा फिका मजकूर, हवाच, नुसती एक स्पेस दिली तरी चालते. आणि नवीन मशीनसाठी :युजर-इनव्हॅलिडही ठेवायचं असेल तर हे दोन्ही सिलेक्टर कॉमा देऊन एकत्र लिहायचे नाहीत बरं का, ब्राउझरला त्यातला एक जरी कळला नाही तरी तो अख्खा रूल टाकून देतो, आणि जुन्या मशीनवर काहीच लाल होणार नाही.

परत आल्यावर "रद्द करा"ला "नक्की का?" विचारायला लावलं आणि बटणं लांब केली, ते वेगळं. निघताना ताईंनी एक मागणी केली होती, त्यांच्या जुन्या डॉसच्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर मारला की पुढच्या रकान्यात जायचं, तसं इथे करता येईल का? ते सीएसएसने होणार नाही, स्क्रिप्ट लिहावी लागेल, आणि बटणावर आल्यावर एंटरने काय करायचं यावर आमच्या टीममध्ये अजून वाद चालू आहे. ते तिकीट मी माझ्याच नावावर घेतलंय.