‘आम्ही हाय की’ कागदावर उतरवताना

मिरजेच्या बाजूच्या एका गावातली ही केस. बौद्धिक अक्षमता आणि जोडीला फिट्स असलेला 38 वर्षांचा मुलगा. गल्लीत लहानथोर सगळे त्याला दादा म्हणतात, इथंही तेच म्हणतो. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, ते वारले. बहीण लग्न होऊन पुण्यात. सत्तरी ओलांडलेली आई न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या काळात दादाला गल्लीनं सांभाळलं. वॉकर घेऊन चालायला लागल्याबरोबर आईंनी आमच्या पालक संघटनेकडे निरोप धाडला : मी गेल्यावर याचं काय, ते मी असतानाच ठरवून टाका.

रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात बैठक बसली. बहीण पुण्याहून आली होती. शिवाय मामेभाऊ, किराणा दुकानाच्या वहिनी, रिक्षावाले काका, पिठाच्या गिरणीचे मालक, मेडिकलमधला मुलगा आणि शेजारच्या दोन बायका. दादा दाराशी त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर. त्याच्याविषयीची बैठक त्याला बाहेर पाठवून घ्यायची नाही, हा आमचा पहिला नियम.

रिक्षावाले काका बसता बसताच म्हणाले, “आई, तुमी काळजी करू नका. आमी हाय की.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात खोट अजिबात नव्हती. पण मदत कोण करणार, असं मोघम विचारलं की सगळे हात वर होतात आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला दार कोण उघडणार, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही माणसांपासून सुरुवात करत नाही, दिवसापासून करतो. भिंतीवर ड्रॉइंग शीट चिकटवली आणि तीन रकाने आखले : वेळ, आत्ता कोण करतं, आई नसतील तर कोण. मग पहाटेपासून एकेक गोष्ट. उठवणं, चहा, सकाळची गोळी, आंघोळीचं पाणी, दाढी, नऊला गिरणीत सोडणं, तिथं डबे उचलून ठेवायचं काम, दीडचं जेवण, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी, रात्रीची गोळी, झोप. प्रत्येक ओळीत एक नाव, आणि त्या नावाला एक बदली नाव. बदली नावाशिवाय ओळ पुरी धरायची नाही. रिक्षावाले काका आषाढात वारीला जातात, गिरणी अमावस्येला बंद असते, दिवाळीत निम्मी गल्ली गावी जाते. आधार तुटतो तो अशाच दिवसांत.

गोळीच्या ओळीवर बैठक अडली. आई दवाखान्यात असताना दादाला दोनदा फिट आली होती, आणि ती “आईच्या काळजीनं” आली असं सगळे धरून चालले होते. वहिनींना नीट विचारत गेलो तेव्हा खरं कारण निघालं. दादाची फिट्सवरची व्हॅल्प्रोएटची गोळी गुलाबी. ती संपली होती, म्हणून मेडिकलमधून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पांढरी गोळी आली. रंग वेगळा दिसल्यावर दादानं ती थुंकली. वहिनींनी बिचाऱ्यांनी ती कुटून गुळात घालून दिली. पण ही हळूहळू विरघळणारी, ‘क्रोनो’ प्रकारची गोळी. ती कुटली की औषध एकदम अंगात उतरतं आणि पुढच्या डोसपर्यंत पुरत नाही. आधी चुकलेले डोस, त्यावर हे. वहिनींचे डोळे भरून आले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण आईंना सोडून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या तिथे ठरलं : रिकाम्या पाकिटाचा तुकडा शीटवर डकवायचा, 15 दिवसांच्या गोळ्या कायम जास्तीच्या ठेवायच्या, कंपनी बदलायची वेळ आलीच तर मेडिकलमधल्या मुलानं आधी डॉक्टरांना फोन करायचा.

मग फिट आल्यावर काय करायचं ते सगळ्यांकडून करून घेतलं. नुसतं सांगून उपयोग होत नाही. गिरणीवाल्यांनी आडवं व्हायचं कबूल केलं आणि काकांनी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल दिला, शर्टाचं वरचं बटण सैल केलं. कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पहिलं काम घड्याळ बघणं. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर थेट दवाखाना. डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवायचा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. त्याची मुदत कधी संपते ती तारीखही शीटवर गेली.

चहा फिरत असताना वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “आणि एक सांगायचं व्हतं.” आई ॲडमिट असताना एका संध्याकाळी त्या जेवणाचा डबा घेऊन आल्या, तर एक जवळचे नातेवाईक दादाला समोर बसवून होते. हातात स्टॅम्पपेपर, बाजूला शाईचा पॅड. वहिनींनी भांडण केलं नाही. “आई घरी आल्यावर त्यांच्यासमोर घ्या अंगठा,” एवढंच बोलल्या आणि दादाला हाताला धरून दुकानात घेऊन गेल्या. आईंना हे या बैठकीतच पहिल्यांदा कळलं. सोप्यात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आमच्या कामात ही गोष्ट वारंवार दिसते. वडिलांमागे सातबाऱ्यावर मुलाचं नाव वारस म्हणून लागतं, आणि त्याचा हिस्सा सोडवून घ्यायला हक्कसोडपत्राची घाई सुरू होते. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे व्हावी लागते, हे खरं. पण अंगठा उठलेल्या कोऱ्या कागदावर पुढे काय लिहिलं जाईल, याला धरबंध नसतो. बहिणीनं बसल्या जागी मोबाईलवर सातबारा आणि फेरफार काढून पाहिले. आई, बहीण आणि दादा, तिघांची नावं जागेवर होती, नवा फेरफार पडलेला नव्हता. तरी अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत जोडून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, असं ठरलं. फेरफाराची नोटीस निघालीच तर हरकतीला 15 दिवस असतात आणि ते भर्रकन जातात.

आता पालकत्व. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बहुतेक घरांत हे बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, कोर्टात जावं लागत नाही. आईला आपल्या हयातीतच आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव सुचवता येतं. इथं बहिणीचं नाव ठरलं. दादाचा दाखला (75 टक्के, कायमस्वरूपी), युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र), फोटो, पत्त्याचे पुरावे आणि नातेवाइकांची संमतिपत्रं अशी फाईल लावायला घेतली. पालकत्व कशासाठी हवं, तेही समितीला बघावं लागतं, म्हणून अर्जात मोघम लिहू नये. आम्ही तीनच गोष्टी लिहिल्या : बँक व निवृत्तिवेतन, जमीन, ऑपरेशनची संमती. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. पालक पैसे खात असेल किंवा हेळसांड करत असेल, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे जाऊ शकते. हे सगळ्यांसमोर मुद्दाम वाचून दाखवलं. बहिणीला वाईट वाटलं नाही, उलट ती म्हणाली की वहीवर दर महिन्याला मामेभावाचीही सही घेत जाईन. पैसा एकाकडे आणि रोजची देखभाल दुसऱ्याकडे असली की दोघांवरही नजर राहते. जिथं दोन्ही एकाच हातात गेलं तिथं मी फार वाईट बघितलंय.

बँकेत समितीचं प्रमाणपत्र चालत नाही असं उत्तर मिळू शकतं. ते चालतं. रिझर्व्ह बँकेनं 2007 सालीच तसं परिपत्रक काढलंय, त्याची प्रत फाईलला लावून ठेवली. आईंमागे कुटुंब निवृत्तिवेतन दादाला मिळावं म्हणून पेन्शनच्या कागदांत त्याचं नाव आत्ताच नोंदवायचं काम बहिणीकडे, आणि पुढे दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी त्याला घेऊन जायचं काम मामेभावाकडे गेलं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याला (वर्षाला एक लाखापर्यंत, आधीच्या आजारासकट) दरवर्षी नूतनीकरण लागतं. ते मेडिकलमधल्या मुलानं अंगावर घेतलं.

शेवटची ओळ रात्रीची. बहीण म्हणाली, पुण्याला घेऊन जाते. मामेभाऊ म्हणाला, आमच्याकडे झोपेल. तोपर्यंत दादाला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला एका दमात प्रश्न विचारला की तो शेवटचा शब्दच परत म्हणतो, म्हणून तीन वस्तू त्याच्यासमोर ठेवल्या : बहिणीच्या घराचा फोटो, मामेभावाच्या गाडीची किल्ली, त्याची स्वतःची गोधडी. दादानं गोधडी उचलली. वस्तूंच्या जागा बदलून पुन्हा ठेवल्या. पुन्हा गोधडीच. “हितं,” म्हणाला, “माझं घर.” 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही पालकानं त्याच्यासोबत निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यावतीनं परस्पर नाही. तेव्हा दादा हलणार नाही, माणूस हलेल असं ठरलं. मामेभावाचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्री इथं झोपायला येईल. त्याची परीक्षा असेल तेव्हा गिरणीवाले. आई असतानाच आठवड्यातून दोन रात्री सुरू करायच्या, म्हणजे दादाला सवय होईल आणि त्या मुलालाही.

किल्ल्या तीन केल्या : वहिनी, काका, मामेभाऊ. त्या संध्याकाळच्या नातेवाइकांकडे किल्ली द्यायची नाही, असं आईंनी स्वतः सांगितलं आणि शीटवर तसं लिहायला लावलं. शीट कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, तिचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. अर्ज पुढच्या बैठकीसाठी दिला आहे. रविवारी दुपारी एक ते चार हा रकाना अजून भरलेला नाही. गणेश मंडळातल्या ज्या पोरांबरोबर दादा झांज वाजवतो, त्यांच्याशी काका बोलतायत.